दाजीपूर–आंबोली रोड ट्रिप: दोघं, एक गाडी, गवे आणि धबधबे

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करून टाकतो, म्हणजे नंतर शिव्या नकोत. धबधबे आणि जंगली जनावरं एकाच महिन्यात फुल फॉर्ममध्ये मिळत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये धबधबे वेडे होतात पण तेव्हा जंगल इतकं दाट असतं की रस्त्यापासून वीस फुटांवर गवा उभा असला तरी दिसणार नाही, आणि अभयारण्यही बंद असतं. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यावर जनावर येतंच येतं, पण धबधब्याच्या जागी काळा कोरडा कातळ बघायला मिळतो. त्यामुळे "दोन्ही बघायचंय" असं ठरवून निघणाऱ्यांनी महिना निवडताना थोडं डोकं लावायला लागतं, आणि बरेच लोक नेमकं तेच करत नाहीत, पंधरा ऑगस्टचा लाँग वीकेंड बघतात आणि निघतात.

हा लेख कोल्हापूर–राधानगरी–दाजीपूर–फोंडा घाट–सावंतवाडी–आंबोली–आजरा या लूपबद्दल आहे. दोन माणसं आणि एक साधी हॅचबॅक एवढ्यावर आरामात होणारा रूट. चार जण असाल तरी चालेल पण मजा दोघांतच आहे, का ते खाली सांगतो.

कधी जायचं

माझं मत विचाराल तर सप्टेंबरचा शेवटचा आठवडा ते ऑक्टोबरचे पहिले दहा-बारा दिवस. पाऊस दमलेला असतो, दिवसातून दोन-तीन सरी, धुकं येऊन जाऊन, आणि आंबोलीचे धबधबे अजून जोरात असतात. असं का होतं तर वरच्या सड्यावर, म्हणजे कड्यावरच्या सपाट पठारावर, जांभा दगड आहे, तो पाणी पिऊन ठेवतो आणि हळूहळू सोडतो, म्हणून पाऊस थांबल्यावरही कड्यावरून पाणी पडत राहतं. सड्यावर तेरडा, सोनकी, सीतेची आसवं फुललेली असतात तो बोनस वेगळाच. आणि गवे सकाळी-संध्याकाळी उघड्यावर चरायला येतात कारण गवत ताजं असतं.

बेडूक हेच तुमचं मेन आकर्षण असेल तर मात्र जून-जुलैला पर्याय नाही. मलबार ग्लायडिंग फ्रॉग, तो हिरवागार, बोटांच्या मध्ये केशरी-लाल पडदा असलेला, तो पहिल्या पावसानंतर झाडांवरून खाली पाण्याजवळ येतो, ओरडतो, पाण्यावर झुकलेल्या पानांना फेसाची घरटी करतो आणि काम झालं की पुन्हा वर गायब. सप्टेंबरात त्याला शोधत फिरलात तर हिरमोड होणार.

आणि फक्त गवे, सांबर, नशीब असेल तर अस्वल, असं जनावरांसाठीच जायचं असेल तर दाजीपूरच्या आतली सफारी दिवाळीनंतर. पावसाळ्यात आतले रस्ते बंद असतात, उघडायची तारीख दरवर्षी थोडी मागेपुढे होते, वनविभागाच्या ऑफिसला फोन करून विचारायचं आणि मगच रूम बुक करायची.

शनिवार-रविवार टाळा. हे सगळेच सांगतात पण आंबोलीच्या बाबतीत मनावर घ्या. पावसाळ्यातल्या रविवारी मेन धबधब्यापाशी घाटात गाड्यांची रांग लागते, स्पीकर, बिअरच्या बाटल्या, पोलीस, सगळं असतं, फक्त पाण्याचा आवाज ऐकू येत नाही. मंगळवार ते गुरुवार बेस्ट.

निघायच्या आधी पाण्याची पातळी बघा

पावसाळ्यात कोल्हापूर जिल्ह्यात गाडी घालायची तर मी हवामानाच्या ॲपआधी एक आकडा बघतो, पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. लोकल न्यूजवर आणि जिल्हा प्रशासनाच्या अपडेटमध्ये रोज येते. ३९ च्या जवळ गेली असेल तर गावाकडचे बरेच बंधारे पाण्याखाली असतात, मॅप तुम्हाला त्या बंधाऱ्यावरूनच शॉर्टकट दाखवणार आणि तुम्ही तिथे जाऊन परत फिरणार. २०१९ आणि २०२१ ला तर पुणे–बंगळूर हायवेच पाण्याखाली गेला होता.

दुसरं, राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे. शाहू महाराजांनी सुरू केलेलं हे धरण, भोगावती नदीवरचं, त्याला सात दरवाजे आहेत जे पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात, कोणी बटण दाबत नाही. "राधानगरीचे चार दरवाजे उघडले" अशी बातमी आली की खाली नदीकाठचे रस्ते हळूहळू बिघडणार असं समजायचं आणि प्लॅन एक-दोन दिवस पुढे ढकलायचा. ट्रिप कुठे पळून जात नाही.

घाटांचंही तसंच. करूळ, भुईबावडा, फोंडा, आंबोली या चारपैकी एखादा दरड पडून किंवा कामासाठी बंद असणं नॉर्मल आहे, निघायच्या आदल्या संध्याकाळी चेक करा आणि पर्यायी घाट डोक्यात ठेवा.

गाडी

जास्त लांबण लावत नाही. टायरची नक्षी गुळगुळीत झाली असेल तर टायर बदलल्याशिवाय जाऊ नका, वायपरचे रबर नवे टाका, मागच्या काचेचा डीफॉगर चालतोय का बघा. पुढची काच आतून धुरकट झाली तर एसी चालू करून हवा काचेवर सोडायची, फडक्याने पुसत बसायचं नाही. धुक्यात हाय बीम मारला तर समोर पांढरी भिंत दिसते, लो बीम आणि फॉग लॅम्प असतील तर ते. आणि चालत्या गाडीत चारही इंडिकेटर लावून जायची जी फॅशन आलीय ती बंद करा, तुम्ही वळताय का थांबलाय हे मागच्याला कळतच नाही.

घाट उतरताना दुसरा गिअर, गरज पडली तर पहिला, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही, ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर दगा देतात. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, नियमच आहे तो. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर त्यात गाडी घालायची नाही. फूटभर वाहतं पाणी छोटी गाडी उचलू शकतं आणि खालचा रस्ता शिल्लक आहे का हे वरून दिसत नसतं. एसटी गेली म्हणून आपण जायचं हे लॉजिक चुकीचं आहे, एसटीचं वजन बघा.

पुण्यातून निघून पुण्यात परत, मधलं फिरणं धरून साडेआठशे किमीच्या आसपास होतं. गाडी पंधराचं ॲव्हरेज देत असेल तर सत्तावन्न-अठ्ठावन्न लिटर पेट्रोल, त्याप्रमाणे हिशोब करा. राधानगरीत आणि नंतर सावंतवाडीत टाकी फुल करून घ्या. दाजीपूरच्या पट्ट्यात आणि आंबोलीच्या आसपास नेटवर्क येतं जातं, मॅप ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा आणि थोडी कॅश जवळ असू द्या, रेंज नसली की यूपीआय पण नाही.

दोघांतलं कामवाटप, हेच खरं महत्त्वाचं

जनावर दिसणं नशिबाचा भाग आहे असं म्हणतात. मला वाटतं अर्धा नशिबाचा आणि अर्धा गाडीच्या स्पीडचा. साठच्या स्पीडने दाजीपूरच्या जंगलातून गेलात तर तुम्हाला फक्त रस्ता दिसेल. पंचवीस-तीसने गेलात, काच चार बोटं खाली, गाणी बंद, तर दोघांपैकी एकाला तरी काहीतरी दिसणारच, निदान शेकरू तरी.

नियम असा: चालवणारा फक्त रस्ता बघणार, बघणारा फक्त जंगल बघणार. चालवणाऱ्याने "कुठे कुठे?" करत मान वळवायची नाही. आम्ही घड्याळाचे काटे वापरतो, गाडीचं तोंड म्हणजे बारा, डावीकडे आडवं म्हणजे नऊ, त्यामुळे बघणारा फक्त "दहा वाजता, बांबूच्या मागे, काळं" एवढंच बोलतो आणि चालवणारा आरशात बघून, मागे कोणी नाही याची खात्री करून, इंडिकेटर देऊन हळूच कडेला घेतो, मग बघतो. वळणावर थांबायचं नाही, समोर वाघ असला तरी. (वाघ नसणारे तिथे, निवांत राहा. या पट्ट्यातून वाघांची ये-जा होते, कोयना–चांदोलीचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि खालची गोवा-कर्नाटकची जंगलं जोडणारा हा कॉरिडॉर आहे, पण रस्त्यावरून दिसण्याची आशा धरून जाऊ नका.)

तासाभराने सीट बदलायची. बघणाऱ्याचे डोळे थकतात हे लोकांना खरं वाटत नाही पण सलग तासभर झाडी न्याहाळली की नंतर प्रत्येक खोड गवा वाटायला लागतं. मोबाइल बघणाऱ्याच्या हातात नको, डॅशबोर्डच्या कप्प्यात. दुर्बीण एकच असली तरी चालेल, आठ बाय बेचाळीसवाली, फार पॉवरची घेतली तर हातात हलते.

आणि बघायचं कसं, तर आख्खं जनावर शोधत बसायचं नाही. जंगलात सगळं उभं असतं, खोडं, बांबू, वेली, त्यात आडवी रेघ दिसली की तिथे थांबायचं. गव्याची पाठ म्हणजे मोठी काळी आडवी रेघ, आणि खाली गुडघ्यापासून पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे, ते सावलीतही चमकतात. शेकरूसाठी वर बघा, मोठ्या झाडांच्या फांद्यांच्या टोकाला काटक्या-पानांचा गोळा दिसला तर ते त्याचं घरटं, आणि जवळपास कटकट-कटकट असा चिडका आवाज आला तर मालक घरी आहेत. धनेश दिसायच्या आधी ऐकू येतो, पंखांचा फस्स-फस्स आवाज डोक्यावरून जातो.

मित्र निवडताना एकच निकष लावा, दहा मिनिटं गप्प बसता येतं का. बाकी सगळं चालतं.

पहिला दिवस: कोल्हापूर ते दाजीपूर

पुण्याहून कोल्हापूर सव्वादोनशे-अडीचशे किमी, आदल्या दिवशी येऊन मुक्काम करा. सकाळी मिसळ खाऊन निघा पण तांबडा-पांढरा रात्रीसाठीच ठेवा, पोट गच्च भरून जंगलात डुलक्या येतात.

कोल्हापूर–परिते–भोगावती–राधानगरी, पंचावन्न किमीच्या आसपास, दोन्ही बाजूंनी ऊस. निपाणीकडून येणारे मुधाळ तिट्ट्यावरून थेट राधानगरीत येऊ शकतात, तोच रस्ता पुढे दाजीपूर-फोंडा करत देवगडला जातो. राधानगरीत धरण लांबून बघून घ्या, मग राऊतवाडीचा धबधबा. हा गावापासून थोडा आत आहे, सप्टेंबरातही चांगला असतो, पण पाऊस जोरात असेल तेव्हा प्रशासन पर्यटकांना बंदी घालतं. बंदी असेल तर वाद घालत बसू नका, पुढे धबधब्यांची कमी नाहीये.

दाजीपूर कोल्हापूरपासून ऐंशी किमीच्या आत-बाहेर. १९५८ साली गव्यांसाठी राखलेलं हे जंगल, राज्यातल्या सगळ्यात जुन्या अभयारण्यांपैकी, आता राधानगरी अभयारण्य म्हणून ३५१ चौरस किमी पसरलंय, आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागा जागतिक वारशात घेतल्या त्यात हेही आहे. मुक्कामाला राहायच्या सोयी आहेत पण मोजक्या, फोन करून बुक करा आणि जेवणाचं आधी सांगून ठेवा, रात्री नऊला पोचून "काय आहे?" विचारलं तर काहीच नसतं.

चारच्या सुमाराला पोचायचं ध्येय ठेवा, पाचनंतर गवे बाहेर पडायला लागतात. पावसाळ्यात ठक्याच्या वाड्याकडे जाणारा आतला रस्ता बंद असला तरी हा मेन रस्ता सार्वजनिक आहे आणि तो जंगलातूनच जातो. दिवाळीनंतर आलात तर स्थानिक जीप घेऊन आत जा, आपली हॅचबॅक त्या रस्त्यावर नेऊन चेंबर फोडून घेण्यात अर्थ नाही आणि ड्रायव्हरला जनावरांच्या जागा माहीत असतात ते वेगळंच.

गवा समोर आला तर

हे नीट वाचा. मोठा नर हजार किलोपर्यंत जातो, म्हणजे जवळजवळ तुमच्या गाडीएवढा. शांत प्राणी आहे, पण बिचकला तर कुठल्याही दिशेला पळतो, तुमच्या दिशेलाही.

पन्नासेक मीटर मागेच गाडी थांबवा. हॉर्न नाही, अप्पर-डिप्पर नाही, लो बीम ठेवा, इंजिन चालू राहू द्या. खाली उतरायचं नाही, काचेतून धड बाहेर काढून सेल्फी नाही. तो रस्ता ओलांडून गेला की लगेच गाडी हलवू नका. कळपात एक गेला की मागून दुसरा, तिसरा, मग दोन मिनिटं कोणीच नाही आणि मग पिल्लू घेऊन मादी येते, अपघात नेमके तिथे होतात. दोन-तीन मिनिटं थांबून झाडीत हालचाल नाही हे बघून मगच पुढे. तो मान खाली घालून आडवा उभा राहिला, फुरफुरला, पाय आपटला तर सावकाश रिव्हर्स. एकटा म्हातारा नर दिसला तर अंतर दुप्पट करा, कळपापेक्षा तो जास्त बेभरवशाचा.

फोंडा घाटात रात्री गाडी चालवायचीच नाही असं ठरवून टाका. काळा प्राणी, काळा रस्ता, वर धुकं.

दुसरा दिवस: गवे, उतार, आणि संध्याकाळी आंबोली

सकाळी सव्वासहाला गाडीत बसलेले असा. चहा थर्मासमध्ये. साडेआठपर्यंतचा वेळ सोन्यासारखा आहे, त्यात दाजीपूर ते घाटमाथा असं जंगल हळूहळू पार करायचं, हवं तर एकदा परत मागे येऊन पुन्हा जायचं. ओढ्याच्या मोरीजवळ गाडी थांबवून इंजिन बंद करा आणि ऐका, शीळकरी कस्तूर ओरडत असेल, एखादं पोरगं उगाच सूर शोधत शीळ घालत चाललंय असा आवाज असतो तो, पहिल्यांदा ऐकणारा हमखास मागे वळून माणूस शोधतो.

मग फोंडा घाट उतरून कणकवली, तिथून हायवेने कुडाळ करत सावंतवाडी. घाट उतरला की हवा एकदम बदलते, दमट आणि गरम. हा भाग पटकन संपवा, हायवे आहे, बघण्यासारखं फार नाही. जेवण कुडाळ किंवा सावंतवाडीत, मासे खाणाऱ्यांना सांगायला नको, न खाणाऱ्यांनी घावणे आणि उसळ शोधा, सोलकढी दोघांनाही. सावंतवाडीत पेट्रोल, एटीएम, औषधं, जे राहिलंय ते सगळं घ्या, कारण पुढचं मोठं गाव डायरेक्ट आजरा.

सावंतवाडी ते आंबोली तीस किमी, दाणोलीनंतर घाट सुरू. समुद्राकडून येणारे ढग पहिल्यांदा जिथे अडतात ती ही भिंत, आंबोली ६९० मीटरवर आहे आणि वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलते. घाटात वर चढताना मेन धबधबा रस्त्यालगतच लागतो, दुपारी तिथे थांबू नका, नुसता बघून पुढे जा, उद्या सकाळी सातला परत यायचंय. माकडांना काही देऊ नका, आणि भजीची प्लेट हातात घेऊन बेसावध उभे राहू नका, घेऊन जातात.

आंबोलीतली रात्र

आंबोलीत रात्रीचं चालणं हाच माझ्या मते या ट्रिपचा सगळ्यात भारी भाग, आणि इथे गवा-बिबट्या डोक्यातून काढून टाकायचे. इथलं जंगली जीवन बोटाएवढं असतं. आंबोली टोड नावाचा छोटा भेक आहे, जगात मोजक्याच ठिकाणी सापडतो, सड्यावरच्या जांभ्यात राहतो. आंबोलीचंच नाव असलेला बुश फ्रॉग आहे. देवगांडूळ आहे, जे गांडूळ नसून बिनपायाचं उभयचर आहे. आणि साप: मलबार पिट व्हायपर म्हणजे चापडा, विषारी, हिरवा, तपकिरी, पिवळट अशा वेगवेगळ्या रंगांत, एकाच फांदीवर किंवा दगडावर दिवसेंदिवस दबा धरून बसणारा. त्यामुळे गावातल्या जाणकारांना "काल तो अमुक मोरीजवळ होता" हे माहीत असतं.

म्हणून स्थानिक गाइड घ्याच. जिथे राहाल तिथल्या मालकाला विचारा, गावात निसर्ग अभ्यास करणारी पोरं आहेत, ती घेऊन जातात. पैशावरून घासाघीस करू नका. गाइड निवडायची एक टेस्ट: साप काठीने उचलून दाखवतो म्हणाला, बेडूक हातावर ठेवून फोटो काढून देतो म्हणाला, की नको म्हणा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात ते बसत नाही, आणि बेडकाच्या कातडीला आपल्या हातावरचं ओडोमॉस, सॅनिटायझर सोसत नाही.

जेवण लवकर उरकून साडेआठ-नऊला निघायचं. गमबूट किंवा घोट्याच्या वर जाणारे शूज, फुल पँट, दोघांकडे वेगळी बॅटरी आणि जास्तीचे सेल. बॅटरी डोळ्यांच्या रेषेत धरली की बेडकांचे, कोळ्यांचे डोळे चमकतात. पुढचा माणूस जमीन बघतो, मागचा कमरेपासून डोक्यापर्यंतच्या फांद्या बघतो, कारण चापडा नेमका त्या उंचीवर बसतो. हात कुठेही टेकवायचा नाही, कठड्यावर तर नाहीच. सापापासून निदान दोन मीटर, फोटो काढताना पण, फ्लॅश दोन-तीन वेळा मारला की पुरे.

चुकून चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका, अंगठी-घड्याळ काढा, चावलेला भाग हलू देऊ नका आणि १०८ ला फोन करत सरळ सावंतवाडीच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे. घाटाचा रस्ता आहे, वेळ लागतो, म्हणून बेफिकिरी नको. जनावर जखमी दिसलं, कोणी त्रास देताना दिसलं तर वनविभागाची हेल्पलाइन १९२६.

रात्री गाडी घेऊन फिरत असाल तर दहाच्या स्पीडने. ओल्या रस्त्यावर शेकडो बेडूक बसलेले असतात, सकाळी तोच रस्ता बघितला की कळतं गाड्यांनी काय केलंय.

तिसरा दिवस: पाणी

सातला मेन धबधबा, पायऱ्यांवर तुम्ही दोघं आणि एखादा झाडूवाला. तासभर थांबा. मग हिरण्यकेशी, गुहेतून उगम पावणारी नदी आणि तिथलं मंदिर. त्या कुंडात एक छोटा मासा सापडला, २०२० मध्ये त्याची नवीन जात म्हणून नोंद झाली, नाव दिलं शिस्टुरा हिरण्यकेशी, आणि २०२१ मध्ये ती जागा जैविक वारसा स्थळ जाहीर झाली. आख्खी जात एवढ्याशा पाण्यात, त्यामुळे कुंडात पाय घालू नका, फुलं-तेल-कुंकू टाकू नका, साबण तर अजिबात नाही.

तिथून गेळे गावाजवळचा कावळेसाद पॉइंट. उलटा धबधबा बघायचा असेल तर इथे. समुद्राकडून येणारा वारा उभ्या कड्यावर आपटून वर उसळतो आणि दरीत पडणारी धार परत वर फेकतो. धार बारीक आणि वारा जबरदस्त असं कॉम्बिनेशन लागतं, तुफान पाऊस असेल तर धार इतकी जाड होते की वाऱ्याला ऐकत नाही, आणि सप्टेंबरअखेरीला वाराच पडलेला असतो, त्यामुळे तेव्हा उलटा धबधबा मिळेलच असं नाही. पोचल्यावर नुसतं धुकं दिसलं तर लगेच मागे फिरू नका, वीस-पंचवीस मिनिटं गाडीत बसा, पडदा सरकतो आणि आख्खी दरी दिसते. रेलिंगच्या पलीकडे जायचं नाही, छत्री तर उघडूच नका, रेनकोट घाला.

नांगरतास बेळगाव रस्त्यावर, आंबोलीपासून दहाएक किमी. अरुंद घळीत पाणी घुसतं, वरून वाकून बघावं लागतं, आवाज छातीत जाणवतो. दहा मिनिटांची जागा आहे, पण चुकवू नका. वेळ उरला तर चौकूळच्या सड्यावर फुलं बघत फिरा, फुलांवरून गाडी घालू नका.

पाण्यात उतरायचंच असेल तर कुठल्याही धबधब्याला हे लक्षात ठेवा: वर डोंगरात पडलेला पाऊस तुम्हाला खाली दिसत नाही. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहून यायला लागल्या किंवा आवाज बदलला की बॅग-चपला सोडून आधी काठावर. धारेच्या बरोबर खाली उभं राहायचं नाही, पाण्याबरोबर दगड येतात. दोघं एकदम उतरू नका, एक जण कायम काठावर, आणि त्याची नजर वरच्या बाजूला. पायाला जखम असेल तर भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात चालू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) भाग आहे हा. आणि हाच रूट डिसेंबर ते मे मध्ये करून पुढे बांदा-दोडामार्गकडे उतरणार असाल तर तिथे माकडतापाच्या केसेस होतात, गोचिडांमुळे पसरतो, जंगलात पालापाचोळ्यावर बसू नका आणि परत आल्यावर ताप आला तर डॉक्टरांना कुठे गेलो होतो ते आपणहून सांगा.

परतीचा रस्ता

आंबोली–आजरा–गडहिंग्लज किंवा उत्तूरवरून निपाणी, मग हायवे. कोल्हापूर सव्वाशे किमीच्या आत-बाहेर. सकाळी उगमापाशी बघितलेली हिरण्यकेशीच आता रस्त्याच्या जोडीने असते, आजऱ्याजवळ रामतीर्थला ती कातळावरून पसरून पडते, तिथे थांबा, मंदिर आहे, गर्दी कमी असते. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या, जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालेला आहे, पिशवी उघडली की गाडीभर वास.

या पट्ट्यात एक गोष्ट वेगळी, हत्ती. कर्नाटकातून आलेले जंगली हत्ती आजरा, चंदगड, दोडामार्ग या भागात वर्षानुवर्षं फिरतायत, ऊस आणि केळी खातात, शेतकरी वैतागलेत. त्यामुळे कोणी गावकरी "पुढे टस्कर आहे, थांबा" म्हणाला तर थांबायचं, "दाखवा ना कुठे" करायचं नाही. गव्यासाठी पन्नास मीटर सांगितलं ते हत्तीला लागू नाही, हत्ती दिसला की लगेच गाडी वळवून मागे, आणि समोरून येणाऱ्या गाड्यांनाही सांगा. अंधार पडायच्या आत गडहिंग्लज किंवा निपाणी गाठलेलं बरं, म्हणजे रामतीर्थवरून उशिरात उशिरा चारला निघा.